एका रिंगेची बचत

मोबाइलचं बिल आलं की चारचौघे थोडं कुरकुरतात आणि भरून मोकळे होतात. भाऊंना ते जमत नसे. बिल आलं की ते आधी चष्मा पुसत, मग बिल वरून खाली वाचत, मग खालून वर वाचत, आणि शेवटी बायकोला विचारत, "गेल्या महिन्यात तू एवढं कुणाशी बोललीस?"

"तुमच्याशी तर नक्कीच नाही," बायको म्हणे. इथे चर्चा संपे आणि बिल भरलं जाई. हा क्रम वर्षानुवर्षं चालला होता आणि तसाच चालू राहता, तर पुढचं काही घडलंच नसतं.

भाऊ वजनमापे खात्यात हेडक्लार्क होते. दुकानदारांच्या तराजूंवर शिक्के मारायचे आणि खोटे तराजू जप्त करायचे, हे त्या खात्याचं काम. इमारतीतले लोक त्यांना तोंडावर 'भाऊ' आणि पाठीमागे 'छटाक' म्हणत. हे भाऊंना ठाऊक होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे, कारण छटाक हे झालं तरी एके काळचं प्रमाणित वजन होतं. कुणी त्यांना 'चिमूटभर' म्हटलं असतं तर मात्र त्यांनी ऐकून घेतलं नसतं.

तर त्या महिन्याचं बिल घेऊन भाऊ जिन्यात उभे असताना शेजारचा विमा एजंट वर आला. या माणसाचा दोष एकच, त्याला दुसऱ्याचं भलं केल्याशिवाय चैन पडत नसे.

"भाऊ, अजून बिल भरता?" तो म्हणाला. भाऊ अजून दुधाच्या दातांचे आहेत असा त्याचा स्वर होता. "आता इंटरनेटवरून फोन करायचा. एक ॲप घ्यायचं, ते नंबर देतं. नंबर परदेशी असतो, पण आपल्याला काय, आवाज तर आपलाच जाणार. माझ्या घरी वायफाय आहेच. अर्धे पैसे तुम्ही द्या, भिंतीपलीकडून तुम्हाला मिळेल. दोघांचे मोबाइल नंबर टाका बंद करून."

तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या जिन्यातलं सगळंच ऐकत. "स्वस्त वस्तू दोनदा तपासावी," त्या म्हणाल्या, "आणि शेजाऱ्याने सुचवलेली तीनदा."

वजनमापे खात्यातल्या माणसाला तपासायला शिकवणं भाऊंना आवडलं नाही. मास्तरीणबाईंनी हे म्हटलं नसतं, तर भाऊंनी कदाचित तपासलंही असतं.

बायकोने एकच प्रश्न विचारला. "आणि दादांची रिंग?"

हे दादा म्हणजे भाऊंचे थोरले बंधू. बऱ्याच लांबच्या गावी एकटे राहत. दोघा भावांत भांडण बिलकूल नव्हतं. एकमेकांशी बोलतात कसं, ते दोघांनाही माहीत नव्हतं, एवढंच. पण त्यांची एक पद्धत होती. रोज दिवेलागणीला भाऊ दादांना फोन लावत, एक रिंग होऊ देत आणि कट करत. थोड्या वेळाने उलट दादांची एक रिंग येई. भाऊंची रिंग म्हणजे 'मी बरा आहे', दादांची म्हणजे 'मीही'. फोन उचलायचा नाही, कारण उचलला की पैसे पडतात. मात्र वाजतच राहिला तर घरात काहीतरी विपरीत घडलं असं समजून निघायचं. पै खर्च न करता दोन माणसांनी इतकी वर्षं एकमेकांची इतकी नेमाने चौकशी क्वचितच केली असेल. बायको म्हणे, "तुमचं म्हणजे दोन भिंतींवर दोन पाली चुकचुकाव्यात तसं आहे." भाऊ हसत, पण रिंग यायला जरा उशीर झाला की त्यांचं कशात लक्ष लागत नसे. दादांची रिंग आल्याशिवाय ते पानावर बसत नसत, हे बायकोला माहीत होतं आणि भाऊंना वाटे की तिला माहीत नाही.

"रिंगचं काय, ती इंटरनेटवरूनही जाईल," भाऊ म्हणाले, "तीही फुकट."

"आत्ताही फुकटच जाते की," बायको म्हणाली. यावर भाऊंकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी रजा टाकून दोन्ही नंबर बंद करून आले. प्रयोग अर्धवट करायचा नाही, असं त्यांचं मत होतं.

आता दादांना नवा नंबर कळवायला हवा होता. त्यासाठी फोनवर बोलावं लागलं असतं, आणि फोनवर बोलायची तर पद्धत नव्हती. भाऊंनी पोस्टकार्ड टाकलं. 'नंबर बदलला आहे. नवा नंबर खालीलप्रमाणे. बाकी ठीक.' ते कार्ड कुठल्या वाटेने गेलं कोण जाणे, पण आपल्याला घाई नाही अशा समजुतीने गेलं.

इकडे वायफायने पहिला रंग दाखवला. एजंटच्या घरातली ती पेटी भिंतीपलीकडे होती आणि तिचा प्रसाद भाऊंच्या घरात फक्त एका ठिकाणी पडत होता. मोरीच्या दारात, स्टुलावर उभं राहून, मान जरा डावीकडे कलती केली की. भाऊ रोज त्या जागी उभे राहून फोन करू लागले. एकदा ते तसे उभे असतानाच ऑफिसातून साहेबांचा फोन आला. भाऊ स्टुलावरूनच, मान कलती करून, "हो साहेब, होय साहेब" करत असताना बायकोने आत बादलीत नळ सोडला. साहेबांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही नेमके कुठे आहात?" भाऊ म्हणाले, "दारात आहे." ते खरंही होतं, पण साहेबांनी पुढे फार विचारलं नाही आणि ऑफिसात दोन दिवस भाऊंच्या नजरेला नजर दिली नाही.

मग मेहुण्यांचं प्रकरण झालं. बायकोच्या भावाने परदेशी नंबर बघून ओळखलं की हा ठग आहे. फोन उचलून ते म्हणाले, "तुम्ही खरंच भावोजी असाल तर सांगा, माझ्या लग्नात तुम्ही कशावरून रुसला होतात?"

आपण मेहुण्यांच्या लग्नात रुसलोच नव्हतो, या मतावर भाऊ आजवर ठाम होते. त्यांनी तेच सांगितलं. मेहुण्यांनी नंबर ब्लॉक केला.

या सगळ्यावर भाऊंनी दात-ओठ आवळून मात केली असती. पण दादांची रिंग येईना. भाऊ रोज दिवेलागणीला स्टुलावर चढत, कानाला फोन लावत, एक रिंग ऐकत, कट करत आणि वाट बघत. पलीकडून काही नाही. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "कार्ड पोचलं नसेल." मग म्हणाले, "पोचलं असेल, पण परदेशी नंबर लावायला घाबरत असेल." मग काहीच म्हणेनात. ताटावर बसत, पण वरण कालवून तसंच ठेवत. दादा रुसला असेल, असंही त्यांना वाटलं. आपण कार्डावर 'बाकी ठीक' लिहिलं, 'तू कसा आहेस' लिहिलं नाही, याचा दादाला राग आला असेल. पण दादाने तरी कधी विचारलं होतं?

"अहो, नीट फोन करा त्यांना," बायको म्हणाली. "बोला चार शब्द. जीभ झिजत नाही."

"बोलून काय सांगू?"

"रिंग का देत नाही ते विचारा."

इतकं उघडउघड विचारणं भाऊंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मधला मार्ग काढला. आज एक रिंग नीट पोचावी म्हणून जरा जास्त वेळ वाजू द्यायची. ते स्टुलावर चढले आणि वाजू देत राहिले. कानात रिंग वाजत होती, भाऊ मनात म्हणत होते, आता ऐकेल, आता ऐकेल. तेवढ्यात शेजारच्या एजंटच्या बायकोने पोरांना अभ्यासाला बसवण्यासाठी वायफायची पेटी बंद केली. भाऊंचा फोन मुका झाला. भाऊ खाली उतरले आणि म्हणाले, "आज मात्र पोचली असणार."

पोचली होती. किती पोचली होती ते भाऊंना पुढे कळलं. मोबाइल दुरुस्तीवाल्याने नंतर सांगितलं, "काका, या ॲपमध्ये रिंग आधी तुमच्या कानात वाजते. पलीकडे वाजायला वेळ लागतो. तुम्ही पहिल्या रिंगेला कट करता म्हणजे तिकडे काही वाजतच नाही." म्हणजे इतके दिवस दादांकडे शुकशुकाट होता. रोजच्या वेळेला दादा फोन समोर ठेवून बसत आणि फोन गप्प. त्यांनी आपली रिंग दिली तर पलीकडून बाई सांगे, हा नंबर बंद आहे. आणि मग एका संध्याकाळी तोच फोन वाजायला लागला तो थांबेच ना. दादांच्या फोनची काच फुटलेली होती, कुणाचा फोन ते दिसत नसे. पण त्या वेळेला दुसरं कोण करणार? दुसऱ्या कुठल्याही वेळेलासुद्धा दुसरं कुणी करत नसे. दादांनी उचलला. पलीकडे आवाज नाही, नुसती खरखर, मग तीही नाही.

दादा नियम पाळणारे होते. वाजत राहिला तर निघायचं, म्हणून ते निघाले. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, जिने बंद केले होते. दादांनी पिशवीत गोळ्या घातल्या, भाऊंच्या मेहुण्यांना फोन करून सांगितलं, "माझ्या भावाचं काहीतरी झालंय," आणि मिळेल ती गाडी पकडली.

मेहुण्यांनी दोन्ही जुने नंबर लावून बघितले, दोन्ही बंद. मग आपण ज्याला ठग म्हणून ब्लॉक केलं तो कोण होता, हे त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी ब्लॉक काढून तोही नंबर लावला, तर तो लागेना. सकाळी ऑफिस उघडताच त्यांनी वजनमापे खात्यात फोन केला. माणूस घाबरला की कमी बोलत नाही, जास्त बोलतो. काहीतरी झालंय असं सांगायला गेलेले मेहुणे फोन ठेवेपर्यंत सगळं होऊन गेलंय असं सांगून बसले.

भाऊ त्या वेळी बँकेत होते. नवा नंबर नोंदवायला अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले होते.

"जुन्या नंबरावर एक आकडा पाठवलाय, तो सांगा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"जुना नंबर बंद केलाय. म्हणूनच तर आलोय."

"मग चालू करून घ्या. तो चालू झाला की बंद करून देते."

"पण मी समोर उभा आहे."

"ते मला दिसतंय, काका," बाई समजुतीने म्हणाल्या. "मशीनला दिसत नाही."

भाऊंनी सही करून दाखवली. रागाच्या भरात केलेली ती सही जुळली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं खरी की खोटी ठरवणारा माणूस स्वतःच प्रमाणात बसेनासा झाला होता. भाऊ तिथून निघाले आणि ऑफिसात आले.

ऑफिसच्या दाराला शिपाई कुलूप लावत होता. भाऊंना बघून त्याचा हात कुलपावरच राहिला.

"भाऊ, तुम्ही कसे काय?"

"का? मी यायचं नाही?"

"तसं नाही. पण आज सुट्टी दिलीय ना," शिपाई म्हणाला, "तुमचीच."

भाऊ आत गेले. फळ्यावर त्यांच्याच हाताखालच्या कारकुनाच्या अक्षरात दुखवट्याच्या सुट्टीची सूचना होती. त्यात एक शुद्धलेखनाची चूक होती, ती भाऊंनी सवयीने पुसून दुरुस्त केली. मग काय दुरुस्त केलं ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते जप्त केलेल्या तराजूंच्या कपाटाला टेकून उभे राहिले. त्यांच्या खुर्चीवरची उशी शेजारच्या खुर्चीवर गेली होती.

"साहेब बोलले का काही?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"बोलले ना. चांगलं बोलले," शिपाई म्हणाला. "तुम्ही जाताना सगळे पंखे बंद करायचात, ते बोलले."

"आणखी?"

"आणखी साहेबांना बैठकीला जायचं होतं."

भाऊंनी वर बघितलं. सगळे पंखे चालू होते. नेहमीसारखा हात बटणाकडे गेला, पण त्यांनी तो मागे घेतला आणि तसेच बाहेर पडले.

इमारतीच्या दारात गर्दी होती. एजंट होता, मास्तरीणबाई होत्या, भाजी निवडता निवडता आलेल्या दोघीतिघी होत्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन दादा बसले होते. शेजारी बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"मघापासून सांगतेय, अहो ते बँकेत गेलेत, धडधाकट आहेत," ती भाऊंना बघताच म्हणाली. "ऐकतच नाहीत. डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाणी पिणार नाही म्हणतात."

दादा उठले. उठायला त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. ते भाऊंच्या जवळ आले, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि सगळ्या इमारतीदेखत त्यांच्या गालावर एक ठेवून दिली.

निवृत्तीला आलेला हेडक्लार्क थोबाडीत खाऊन उभा असताना काय बोलायचं असतं, ते एजंटलासुद्धा सुचलं नाही. दादांनी बायकोच्या हातातला तांब्या घेतला, पाणी प्यायले आणि परत पायरीवर बसले. त्यांचा श्वास बराच वेळ जागेवर येत नव्हता. भाऊ त्यांच्या शेजारी बसले. अपमान त्यांचा झाला होता, पण तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना.

संध्याकाळी खालच्याच खोलीत, मास्तरीणबाईंकडे, दादांची सोय केली, कारण वर चढवणं शक्य नव्हतं. दोघे भाऊ समोरासमोर खुर्च्यांवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच निवांत भेटत होते आणि दोघेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"कार्ड टाकलं होतं मी," शेवटी भाऊ म्हणाले.

"आलं नाही."

"येईल आता."

"हं," दादा म्हणाले. मग भाऊंकडे न बघता म्हणाले, "तुझी रिंग नव्हती त्या दिवसांत मी कुणाशी बोललो नाही. तसा मी कुणाशी बोलतच नाही. पण ते मला इतके दिवस कळलं नव्हतं."

भाऊंना काहीतरी म्हणायचं होतं. ते म्हणाले, "गाडीचं तिकीट मी काढतो." दादा म्हणाले, "काढ."

दोन दिवसांनी दादांना गाडीत बसवून भाऊ थेट मोबाइलच्या दुकानात गेले. जुना नंबर मिळणार नाही म्हणाले, म्हणून नवा घेतला, आणि दुकानात होती त्यातली सगळ्यात महागडी योजना घेतली. कितीही बोला, मोजणी नाही. दुकानदाराने दोनदा विचारलं, "काका, नक्की हीच ना?" दादांच्या फोनवर एक बटण दाबलं की हा नंबर लागेल, अशी सोय करून घ्यायलाही भाऊ विसरले नाहीत. नंबर हाती येताच त्यांनी दुकानदाराला सांगून दादांच्या गावच्या स्टँडजवळच्या दुकानदाराकडे निरोप धाडला आणि दादा उतरल्या उतरल्या ते काम करून घेतलं. कुठलं बटण दाबायचं ते मास्तरीणबाईंनी दादांकडून गाडीत बसण्याआधीच घोकून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला भाऊंनी फोन लावला. एक रिंग झाली. त्यांनी कट केला नाही. बोट शिवशिवत होतं, तरी केला नाही. पुष्कळ वेळाने पलीकडे उचलला गेला.

"काय झालं?" दादांचा आवाज.

"काही नाही."

"मग कट का नाही केलास?"

"सहज. बोलावं म्हटलं."

"बोल," दादा म्हणाले.

भाऊंनी विचार केला. हवा, तब्येत, गाडीला झालेली गर्दी, सगळे विषय त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले आणि एकही पुरेसा वाटेना. पलीकडे दादा खुर्चीत सरकल्याचा आवाज आला. कुठेतरी नळ ठिबकत होता. दोघेही फुकटच्या शांततेत बसून राहिले.

मग दादा म्हणाले, "गाल दुखतोय का रे?"

भाऊंना नाही म्हणायचं होतं, दुखत नाही रे, असं म्हणायचं होतं, आणखीही काय काय म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"हॅलो," दादा म्हणाले. "हॅलो. गेलं वाटतं पुन्हा." आणि त्यांनी फोन ठेवला.

भाऊंनी डोळे पुसले आणि लगेच परत लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा लावला.

बायको दारात आली. "झालं बोलणं?"

"लागत नाही. बिझी येतोय."

"दादांचा? कुणाशी बोलतायत ते?"

"माझ्याशी," भाऊ म्हणाले.

ती आत गेली. भाऊंनी पुन्हा एकदा लावून बघितला. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण थांबलो तरच त्याचा लागेल. त्यांनी फोन समोर ठेवला आणि वाट बघत बसले. पलीकडे दादांनीही बहुधा हाच विचार केला असावा. शेवटी रक्त एकच. दोन्ही फोन बराच वेळ मोकळे होते.